पहिला घोट मातीचा

निएवेसने वाइनरीच्या चव-खोलीत बाटलीचं बूच काढलं, तसा भाऊ फेर्मीन तिच्या कानाशी लागला. "आज सांडासांडी करू नकोस, बये. विक्रीच्या फळीवर जागा मिळतेय, पदरात पाडून घे."

आजीच्या वेलींची द्राक्षं वर्षानुवर्षं याच वाइनरीच्या टाक्यांत बिननावाची जिरली होती. यंदा निएवेसने दिली नाहीत. स्वतः तुडवली, स्वतः गाळली, बाटलीवर स्वतःचं नाव चिकटवलं. ती बाटली इथल्या फळीवर लागायला हवी होती. कालचाकीच्या या उंच, कोरड्या खोऱ्यात येणारा प्रत्येक पाहुणा इथेच तर थांबतो!

व्यवस्थापक ओक्ताव्हियो म्हणाला, "ओता ताई, पाहुणे वाट बघताहेत."

तिने पेला भरला आणि खाली पाहिलं. पांढरी, चकचकीत फरशी. पहिला घोट पाचामामाचा, धरणीमायचा. तिला पाजल्याशिवाय ओठ ओला करायचा नाही. भिंतीवर मायचं भलंमोठं चित्र होतं, फोटो काढायला. खाली मात्र तिचं तोंड बुजवून टाकलेलं.

"माती कुठाय?"

"त्या कुंडीत ओता की! फरशीला डाग पडतात."

"ती पिशवीतून आणलेली माती. ती माझी कोण लागते?"

ओक्ताव्हियोचं हसू मावळलं. "मग फळी विसरा."

"निएवेस, तुझ्या हट्टापायी..." फेर्मीन कळवळला.

"तू गप रे! आईला उपाशी ठेवून पाहुण्यांच्या पंगती उठवायच्या?"

तिने पेला आणि आपल्या बाटल्यांची एक पेटी उचलली, फाटकाबाहेर रस्त्याकडेला बाटल्या काढून पेटी पालथी घातली, वर बाटल्या मांडल्या आणि पेला धुळीवर रिता केला. धूळ घटाघटा प्याली.

मागोमाग एक पाहुणी रिकामा पेला घेऊन आली. "मला मिळेल?"

"आधी हिला," तिचा पेला भरून निएवेसने धुळीकडे बोट दाखवलं. पाहुणीने वाकून मातीला पाजलं, मग स्वतः प्याली आणि दुसऱ्यांदा पेला पुढे केला.

फाटकातून ओक्ताव्हियो ओरडला, "इथे हा धंदा चालायचा नाही!"

"फाटकाच्या आत तुमचं राज्य. रस्ता सगळ्यांचा!"

फेर्मीन दुसरी पेटी खांद्यावर घेऊन आला. "खुळी आहेस तू."

"उद्या टेबल आण. आणि छत्री. ऊन भाजून काढतंय."