पहिल्यापासून सांगा

वणवा विझला आणि माणसं यायला लागली. वणवा पेटला होता तेव्हा त्यांच्यातलं कुणी फिरकलं नव्हतं, पण तो त्यांचा दोष म्हणायला नको. पेटलेल्या डोंगरावर कोण कशाला येईल? नंतर मात्र अशी रीघ लागली की वहिनीला वाटायला लागलं, आपल्या घरी लग्न निघालंय आणि ते फक्त आपल्यालाच कुणी कळवलेलं नाही.

तिला अख्खी वस्ती वहिनीच म्हणायची आणि तिच्या नवऱ्याला दादा. दोघांचा दुधाचा धंदा. आगीतून फुफाट्यात अशी म्हण आहे, यांच्यावर उलटी पाळी आली. आधी दुष्काळ सोसला, कुरणं करपली, ओढा आटला, आणि एवढं झाल्यावर वरून हा वणवा. घर तेवढं वाचलं. घरामागचा गुरांचा वाडा, चाऱ्याची गंज, कुंपण आणि विहिरीपासून हौदापर्यंतचा पाइप, सगळ्याची राख झाली. वाड्यातल्या गाई वाड्यातच गेल्या. कालवडी खाली ओढ्याच्या कोरड्या पात्रात होत्या म्हणून वाचल्या. आता त्या कालवडींना पाणी पाजायचं तर विहिरीतून शेंदून बादल्यांनी वाहून न्यावं लागत होतं, आणि हे काम वहिनी आणि तिची नणंद, दोघीच करत होत्या.

दादा का करत नव्हता, तर त्याला वेळ नव्हता. तो सांगत होता.

आधी दुष्काळ-पुनर्वसन केंद्राचा माणूस आला. मग पशुसंवर्धनवाले आले, मग विम्याचे, मग कुठल्या कुठल्या संस्था, मग दोन वर्तमानपत्रं. प्रत्येक जण बाहेरच्या खोलीतल्या त्याच खुर्चीत बसायचा, चहाचा पहिला घोट घ्यायचा आणि पेनचं टोपण काढून म्हणायचा, "हं, दादा. पहिल्यापासून सांगा."

आणि दादा सांगायचा. दारात आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, विचारेल त्याला नीट उत्तर द्यायचं, हे त्याच्या वडिलांनी त्याच्या हाडीमाशी खिळवलेलं. दुपारची वेळ होती. तो पात्रात कालवडींकडे होता. वारा एकाएकी फिरला. वर पाहिलं तर घरामागे धूर. तो चढण चढून धावत आला, तोवर वाड्याच्या तीन बाजू पेटल्या होत्या. त्यानं फाटकाच्या कडीला हात घातला. कडी लोखंडी होती.

इथं आला की दादा थांबायचा आणि उजव्या तळहाताकडे बघायचा. पाहुणाही बघायचा, "अरेरे" म्हणायचा, काहीतरी खरडायचा, आणि मग मान वर करून विचारायचा, "मग?"

त्या 'मग'चा वहिनीला इतका संताप यायचा की हातातली चहाची किटली त्या माणसाच्या टकलावर रिकामी करावी असं वाटायचं. मग काय? मग गाई ओरडत होत्या आणि कडी उघडेना, हे काय कुणाला कळत नाही? पण दादा तेही सांगायचा. हळू आवाजात, खाली मान घालून, शाळेतलं पोर पाठ म्हणतं तसं.

पाहुणा समाधानानं उठून जायचा. दादा मात्र त्या दिवशी जेवायचा नाही. पहिल्या दोन-तीन वेळा वहिनीनं ते मनावर घेतलं नाही. एवढं झाल्यावर कुणाला घास उतरेल? पण मग तो कालवडींकडे जायचा बंद झाला. नंतर दाढी करायचा बंद झाला. नंतर अंगणात कुणाची गाडी वाजली की तो आपणहूनच त्या खुर्चीसमोर येऊन बसायला लागला, हात मांडीवर ठेवून. गाई गेल्या त्या गेल्या. हा माणूस मात्र वणव्यातून धडधाकट बाहेर आला होता आणि आता घरात बसून, चहाच्या कपांच्या साक्षीनं, तिच्या डोळ्यांदेखत जात होता. हे तिला दिसत होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

"वहिनी, त्या समुपदेशनवाल्या बाईंना सांग ना," नणंद बादली उतरवत म्हणाली. "त्यांचं कामच आहे ते."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, बोललं की मन मोकळं होतं."

"मग?"

"तू पण मग म्हणू नकोस गं बाई! मी त्यांना म्हटलं, मोकळं व्हायला माणसानं आपणहून बोलावं लागतं. हे विचारल्यावर बोलतात. त्याला जबाब म्हणतात, जबाब. तर म्हणाल्या, तुम्ही स्वतःसुद्धा खूप तणावात आहात, दीर्घ श्वास घ्या."

"घेतलास?"

"घेतला की. खोकला आला. अजून राख आहे हवेत."

नणंदेला हसू आवरेना, आणि मग दोघी तिथंच, विहिरीच्या काठावर बसून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. ते पाणी निव्वळ हसण्याचं होतं असं मात्र दोघींपैकी कुणी म्हणालं नाही.

मदत येत नव्हती असं नाही. ऐन उन्हाळ्यात घोंगड्यांएवढ्या जाड ब्लँकेटांचा गठ्ठा आला. माहितीपत्रकं आली, त्यांवर कुदळ हातात धरून हसणाऱ्या बाईचा फोटो होता आणि तिची नखं रंगवलेली होती. एका संस्थेनं कुंडीतलं रोप दिलं, आशेचं प्रतीक म्हणून. "याला पाणी कुठून घालू?" असं वहिनीनं विचारलं तर म्हणाले, "याला थोडंच लागतं हो." वहिनी येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट मागत होती, विहिरीपासून हौदापर्यंत पाइप. पण पाइप कुणाच्याच खात्यात बसत नव्हता. पशुसंवर्धनवाले म्हणायचे, तो पाणीपुरवठ्यात येतो. पाणीपुरवठा म्हणायचा, तो गुरांचा विषय आहे. पाइपाचं असं झालं की दोन घरचा पाहुणा उपाशी.

मग एके सकाळी केंद्राचे मोठे साहेब स्वतः आले. चांगला माणूस होता, आवाज मऊ, चपला दाराबाहेर काढणारा. शहरातल्या सभागृहात दुष्काळ आणि वणवाग्रस्त शेतकऱ्यांसाठी मार्गदर्शन मेळावा भरणार होता.

"दादा, तुम्ही बोलायचं," ते म्हणाले. "तुमच्या तोंडून ऐकलं की बाकीच्यांना धीर येईल."

"येतो की," दादा म्हणाला.

साहेबांची गाडी वळणाआड गेली. मग वहिनी म्हणाली, "अहो, तुम्हाला नाही म्हणता येत नसेल तर मी म्हणते."

"अगं, आपल्यासाठीच करतायत सगळे. एवढे लांबून येतात. त्यांना नाही कसं म्हणायचं?"

"तुम्ही परवापासून जेवला नाहीत."

"जेवतो आता."

त्यानं ताट समोर घेतलं, दोन घास खाल्ले आणि हात धुवायला उठला. वहिनी ताटाकडे बघत राहिली. साऱ्या सभेसमोर, माइकवर, पुन्हा एकदा त्या कडीपर्यंत जाऊन हा माणूस परत येईल की नाही, याची तिला खात्री वाटेना. पण त्याला दारात अडवलं तर त्याचा शब्द मोडला म्हणून तो आणखी खचेल. म्हणून मेळाव्याच्या दिवशी तिनं ठेवणीतली साडी काढली आणि बरोबर निघाली.

सभागृह गच्च भरलं होतं. मागच्या रांगांत आजूबाजूच्या वस्त्यांतली माणसं होती, उन्हानं रापलेली, नव्या कपड्यांत अवघडलेली. पुढच्या रांगेत नरम गाद्यांच्या खुर्च्या, आणि त्यांत वहिनीला ओळखीचे चेहरे दिसले: केंद्राचा माणूस, पशुसंवर्धनवाले, विम्याचा, समुपदेशनवाल्या बाई, संस्थावाले. तिच्या घरच्या चहाची चव घेतलेली सगळी मंडळी. मंचावर मोठा फलक होता, 'राखेतून उभारी'. आधी एकानं दुष्काळात चारा कसा साठवावा ते पडद्यावर दाखवलं. नंतर एकानं मन कसं प्रसन्न ठेवावं ते सांगितलं. मग दादाला वर बोलावलं.

"दादा," साहेब शेजारी उभे राहून प्रेमानं म्हणाले, "अगदी पहिल्यापासून सांगा."

दादानं सुरुवात केली. दुपारची वेळ होती. वारा फिरला. वहिनीला प्रत्येक वाक्य पाठ होतं. तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. धूर. चढण. तीन बाजू. कडी.

दादा थांबला. त्यानं तळहाताकडे पाहिलं. या वेळी त्याचा श्वास माइकमधून सगळ्या सभागृहाला ऐकू येत होता, आखूड आणि खरखरीत. कुणीतरी फोटो काढला.

साहेब माइककडे झुकले. "मग?"

वहिनी उठली. कशी उठली ते तिचं तिलाही कळलं नाही.

"आता ते नाही सांगणार," ती म्हणाली. माइक नव्हता, पण गुरांना हाका मारून कमावलेला गळा होता. "आता तुम्ही सांगा."

सभागृहात चुळबूळ झाली. साहेब कसनुसं हसले. "वहिनी, बसा ना. दादांचा अनुभव—"

"तोच म्हणते मी. त्यांचा अनुभव तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. माझ्या घरी येऊन, माझ्या खुर्चीत बसून ऐकलाय, लिहून घेतलाय. इतक्यांदा सांगून माणसाचं पार चिपाड झालं. आता तुमच्यापैकी कुणीतरी सांगा. तुम्ही सांगा हो," ती केंद्राच्या माणसाकडे वळली. "तुम्ही तर सगळ्यांत आधी आला होतात. काय झालं आमच्याकडे?"

तो माणूस अर्धवट उठला. "त्यांचं... घर जळालं."

"घर उभं आहे. त्याच घरात तुम्ही दोन कप चहा घेतलात. तुम्ही सांगा." हे विम्याच्या माणसाला. तो टाय सारखा करत म्हणाला की दुर्घटना सकाळच्या सुमारास घडली असावी. मागच्या रांगेतून कुणीतरी फसकन हसलं.

"बाई, तुम्ही?"

समुपदेशनवाल्या बाईंचे डोळे भरले होते. "त्यांच्या मेंढ्या..." त्या म्हणाल्या, आणि चुकल्याचं त्यांना वहिनीच्या तोंडावर दिसलं असावं, कारण त्या तिथंच थांबल्या.

"मेंढ्या!" वहिनीचा आवाज फाटला. "अहो, मन मोकळं करा म्हणून त्यांच्यापुढे बसला होतात ना? कुठं गेलं मोकळं केलेलं? गाई भरदुपारी वाड्यात का होत्या, हे तरी कुणाला आठवतंय? दुष्काळात गुरं कुरणावर सोडू नका, एका जागी बांधून चारा घाला, म्हणजे कुरण वाचेल, असं तुमच्याच केंद्रानं सांगितलं होतं. सल्ला वाईट होता असं मी म्हणत नाही. दुष्काळात तसंच करतात. पण हे दर वेळी सांगायचे, प्रत्येकाला सांगायचे, आणि तुमच्यापैकी एकाच्याही कानात ते शिरलं नाही. यांच्या हाताची कातडी त्या कडीला चिकटून राहिली, आणि तुम्ही मेंढ्या म्हणता?"

पुढची रांग माहितीपत्रकं वाचायला लागली होती. साहेबांचा चेहरा उतरला होता. चांगला माणूस होता, आणि चांगल्या माणसाला लाज वाटते तेव्हा तो घाईला येतो. "ठीक आहे," ते माइकमध्ये म्हणाले, "आपण या भावनांचा आदर करू या, आणि पुढच्या वक्त्यांना—"

"मेंढ्या नव्हत्या," दादा म्हणाला.

साहेब थांबले.

"गाई होत्या." तो समोर कुणाकडेच बघत नव्हता. "ठिपकी होती. तिला मानेवर ठिपका होता म्हणून ठिपकी. ती धार काढताना पाय हलवायची नाही, फक्त मी शीळ घालायला पाहिजे. लाजरी होती. नवीन माणूस आला की ठिपकीच्या मागे तोंड लपवायची, एवढी धिप्पाड असून. आणि राणी, म्हातारी. तिचं दूध आटलं होतं, पण मी तिला विकली नाही. ती बाकीच्यांना घेऊन घरी यायची. मी हाक मारली की तीच आधी वळायची. त्या दिवशी मी हाक मारली..."

तोंडावर हात दाबून तो रडायला लागला, सगळ्यांसमोर, खांदे हलवून, वणव्यानंतर पहिल्यांदा. वहिनी मंचावर गेली आणि त्याच्याजवळ उभी राहिली. तिनं त्याला गप्प केलं नाही. थोड्या वेळानं त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि पुन्हा माइककडे तोंड केलं.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, पुढच्या वक्त्याला खुणावलं आणि हळूच माइककडे हात नेला. वहिनीनं तो हात मनगटाशी धरला.

"बसा, साहेब," ती म्हणाली. "अजून बाकीच्या गाई राहिल्यात."