सात नंबरचा चहा

सात नंबरच्या खाटेचं ड्रेसिंग कोणी करायचं यावर नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी चिठ्ठ्या टाकल्या आणि नाव निघालं बारकीचं. वर्गात सगळ्यांत लहानखुरी, म्हणून ती बारकी. सोबतीला तिची खोलीतली मैत्रीण निघाली, दोन मास्क चढवून आणि वर निलगिरीचे थेंब टाकून. परीक्षेत याच मुलींनी ‘कॅन्सर संसर्गजन्य नाही’ असं लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. इथे मात्र काल दाखल झालेल्या बाईचा कप आजच वेगळा निघाला होता, कानाला लाल पट्टी चिकटवून.

बारकीने पडदा सरकवला. खाटेवर तिची आत्या होती.

आई गेल्यावर तिला वाढवलं ते याच आत्याने, शिवणाच्या कारखान्यात काजं-बटणं करून. छातीत गाठ निघाली तेव्हा बारकीनेच सांगितलं होतं, दुसऱ्या दवाखान्यात जा, आमच्याकडे नको. वर्गातल्या एकीच्या वडिलांना हा आजार झाल्याचं कळल्यावर तिच्या बाटलीतलं पाणी कोणी पिईना. बारकीही प्यायली नव्हती. आता त्या दवाखान्याने हात टेकले होते आणि आत्याला इकडे धाडलं होतं.

मैत्रीण शेजारीच उभी होती.

“मावशी,” बारकी म्हणाली, “हात जरा वर घ्या.”

वॉर्डातल्या सगळ्याच बायकांना त्या मावशी म्हणायच्या. आत्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं उमगलं.

“घेते हं, सिस्टर.”

बारकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जखम मोठी होती, वासही होता. ती तिने कडेकडेने सावकाश पुसून काढली. मैत्रिणीने विचारलं, बघायला कोणी येतं का. एक भाची आहे, आत्या म्हणाली, पण तिचे अभ्यासाचे दिवस, मीच कळवलं नाही. पट्टी बांधून झाल्यावर तिने बारकीच्या एप्रनकडे बोट केलं.

“दुसरं बटण सैल झालंय, सिस्टर. पडेल.”

ते आत्यानेच लावलेलं होतं.

चहा आला. मैत्रिणीने लाल पट्टीचा कप दोन बोटांनी उचलून टेबलावर ठेवला. बारकी हात धुवायला गेली ती बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक बशी होती. घरी दोघींत एकच कप चहा व्हायचा, बशीतला आत्याचा आणि कपातला बारकीचा. तिने मास्क हनुवटीखाली ओढला आणि लाल पट्टीच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला.

“सिस्टर, लोक बघतात,” आत्या हळूच म्हणाली.

“बघू देत. आत्या, तू बशी धर.”

ड्रेसिंगचा ट्रे घेऊन निघालेली मैत्रीण दाराशीच थांबली. आत्याला बशी पेलेना, तेव्हा बारकीने खालून हात दिला. आत्याचा चहा संपेपर्यंत कपातला निवून गेला होता. बारकीने तो तसाच तोंडाला लावला आणि शेवटच्या घोटापर्यंत संपवला.