आईचा डबा, काकूंचा डबा

थोरली चिडली की घरातलं मांजरसुद्धा पलंगाखाली जायचं. आज तिने आईच्या उशाजवळच्या मेजावर दोन काचनळ्या, कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि मोरचुदाची निळी बाटली मांडली, तेव्हा धाकट्याने दारातूनच विचारलं, "ताई, लॅबची ड्यूटी आता घरातही?"

"ये, बस. तुझ्याच डब्यांची आरती ओवाळतेय."

धाकट्याचा कारखाना आजाऱ्यांसाठी प्रोटीनची पावडर बनवायचा. आई आणि शेजारच्या शिंपीणकाकू, दोघींचं पोटाचं ऑपरेशन एकाच आठवड्यात झालेलं. दोघींच्या घशाखाली घास उतरत नव्हता, म्हणून दोघी त्याच पावडरीवर. आईची जखम भरत आली. काकूंची अजून ओलीच होती, आणि बाई वाळून काटकी झाल्या होत्या. थोरलीच्या डोक्यात किडा वळवळला तो तिथेच.

तिने आईच्या डब्यातली चिमूट एका नळीत विरघळवली, काकूंच्या डब्यातली दुसऱ्या. दोन्हींत कॉस्टिकचं पाणी घातलं, वर मोरचुदाचे थेंब.

आईची नळी सुंदर जांभळी झाली. काकूंची निळीच्या निळी.

"दोन्ही डबे तुझेच," ती म्हणाली. "वर चिठ्ठीही एकच. मग रंग दोन कसे रे?"

"अगं, माल तुझ्याच लॅबने पास केलाय!"

"केलाय ना! तेच तर जाळतंय मला. आम्ही नायट्रोजन मोजतो. नायट्रोजन माळेतही असतो आणि सुट्या मण्यातही. जांभळा रंग मात्र माळेलाच येतो. प्रोटीन म्हणजे ओवलेली माळ, आणि काकूंच्या डब्यात तू नुसते सुटे मणी ओतलेस. ग्लायसीन! सगळ्यात स्वस्त अमिनो आम्ल. चवीला गोड, म्हणजे साखरेचाही खर्च वाचला."

धाकटा हसला, पण हसू ओठांतच अडखळलं. "पोटात गेल्यावर माळ तुटतेच की! मी आधीच तोडून दिली. पचायला हलकं."

"शहाणा आहेस! तुटते ती वीस तऱ्हेच्या मण्यांत. त्यांतूनच शरीर नवं मांस ओवतं. तू एकच मणी दिलास. नुसत्या काजांनी सदरा होतो का? विचार काकूंना."

"सगळेच करतात, ताई."

"सगळे आपल्या आईसाठी वेगळं पिंप राखून ठेवतात?"

संशय आल्यापासून थोरली मनाशी म्हणत आली होती, की बिचाऱ्याला कळलं नसेल, माल पुरवणाऱ्याने फसवलं असेल. ती जांभळी नळी नसती, तर आजही तिने तेच म्हटलं असतं. आईवरच्या मायेनेच त्याला उघडं पाडलं होतं.

"मेल्या," तिचा आवाज चिरकला, "फसला असतास तर मी तुझ्या बाजूने जगाशी भांडले असते!"

आई इतका वेळ भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती कूस बदलून हळूच उठून बसली.

"माझा डबा काकूंना देऊन ये गं," ती थोरलीला म्हणाली. मग धाकट्याकडे वळली. "आणि तू, बाळा, त्यांच्या डब्यातलं एक भांडं कालवून दे मला. आजपासून तेच घेईन."

"आई, वेड लागलंय का? तुझी जखम अजून कच्ची आहे!"

"त्यांची नाही?"

"ते नको पिऊस. पाया पडतो."

"देवाने आम्हा दोघींना पोट एकसारखंच दिलंय. दोन पिंपं तू केलीस. कालव."

धाकट्याने भांडं उचललं, चमचा उचलला. डब्याच्या झाकणावर त्याची बोटं थांबली ती हलेचनात. आई हात पुढे करून बसून होती.

शेवटी त्याने चमचा खाली टाकला आणि फोन काढला. "मिक्सर बंद कर," तो कारखान्यातल्या मुकादमाला म्हणाला. "हो, आत्ता. गाडीतला मालही उतरव. दुकानांतला परत बोलाव."

"लॅबला मी कळवणार आहे," थोरली म्हणाली. "तू फोन केलास म्हणून ते टळणार नाही."

"ताई..."

"ताई म्हणू नकोस आज."

तिने आईचा डबा छातीशी धरला आणि चपलाही न घालता शेजारचं दार ठोठावायला गेली. राग तसाच होता, पण काकूंसमोर आवाज मऊ हवा म्हणून तिने उंबऱ्याबाहेर दोनदा घसा खाकरला.