अर्ध्या वेणीची फणी

मी एक जुनी शिसवी फणी आहे आणि माझ्यादेखत एका कप्तानाचं जमत आलेलं लग्न मोडलं. मित्रांनो, तसं काही घडलंच नाही, असं त्या घरात नंतर सर्वानुमते ठरलं. मीही घरचीच. तेव्हा जे घडलं नाही, तेच सांगते.

एका सुताराने माझा एकेक दात कोरला आणि मी बाईसाहेबांच्या आरशापुढे नोकरीला लागले. त्यांचे केस विंचरायची ठसका. हे तिचं नाव नव्हे, तिच्या बोलण्याचा परिणाम. बाईसाहेबांनी लहानपणीच नियम घालून दिला होता : फणी केसांत असेपर्यंत ठसकाने वाटेल ते बोलावं, फणी खाली ठेवली की तोंड बंद. त्यामुळे वेणीला फार वेळ लागे.

"हा रंग नका घालू. मेणबत्ती दिसता."

"ठसके, हळू ओढ गं!"

"डोकं स्थिर ठेवा. सध्या तेवढंच काम आहे त्याला."

कप्तानांनी मागणी घातली ती एका अटीवर : ही तोंडाळ बाई सासरी यायची नाही. घरात हुकूम चाले आत्याबाईंचा. कप्तान होकार ऐकायला आले, त्या सकाळी आत्याबाईंनी दारातूनच फर्मावलं, "ठसके, वेणी पुरी झाली की तुझं बोचकं उचलायचं. वीस वर्षं ऐकून घेतलं, पुरे."

ठसकाने मला केसांत खोचलं आणि पेड हातात घेतले. बाईसाहेब मात्र उठल्या. अर्धी वेणी, अर्धे केस मोकळे, मधे मी लटकलेली. तशाच जिना उतरल्या. मागून वेणीचं टोक धरून ठसका.

कप्तान ताडकन उभे राहिले. "हे काय?"

"वेणी चाललीय," बाईसाहेब म्हणाल्या.

"अहो, वेडेपणा करू नका," ठसका कुजबुजली. "माणूस बरा आहे. अकरा घोडे आहेत."

"मग घोड्यांना हो म्हणते. फणी केसांत असेपर्यंत वाटेल ते बोलता येतं ना? आज मी बोलणार." बाईसाहेब कप्तानांकडे वळल्या. "मिशा उत्तम आहेत तुमच्या. पण जन्मभर मिशांशी काय बोलू? मला तोंडावर खरं सांगणारं माणूस लागतं. ही येणार नसेल, तर मीही येणार नाही."

कप्तान टोपी विसरून गेले. आत्याबाईंना घेरी आली; खुर्ची किती लांब आहे ते बघून आली.

पण हुकूम तो हुकूम. वेणी पुरी झाली की ठसकाने जायचं. म्हणून बाईसाहेबांनी वेणी पुरी होऊच दिली नाही. एकतीस वर्षं, रोज सकाळी, अर्धीच. दुसऱ्या आठवड्यात गावातल्या बायकाही कानाशी फण्या लटकवून हिंडू लागल्या. माझी फार तारीफ झाली.

पुढे ठसकाची नजर अधू झाली, तेव्हा बाईसाहेब तिला खुर्चीत बसवून विंचरू लागल्या.

"हात आहे की खराटा?"

"तुझ्या केसांना खराटाच हवा."

आता दोघीही नाहीत. मी बटणांच्या डब्याशेजारी, खणात पडून असते.

तरी मित्रांनो, योग्य त्या वरिष्ठांकडे माझा अर्ज पोचवावा : हुकूम सोडणाऱ्या प्रत्येक इसमाने, पहिला हुकूम सोडण्यापूर्वी, आपल्या हाताखालच्या सर्वांत फटकळ माणसाकडून रोज डोकं विंचरून घ्यावं, व त्या काळात मान हलवू नये. टक्कल ही सबब ग्राह्य धरण्यात येऊ नये.