नवाबाचं खेळणं आणि बुवांची पेटी

रत्नागिरीत पेट्या दुरुस्त करणारी माणसं आता बोटांवर मोजावीत इतकीच. महिपत शिवलकर त्यांतला एक. राजिवड्याकडे उतरणाऱ्या रस्त्याला त्याचं एका खोलीचं दुकान आणि मागे घर. भात्याला नवं कातडं लावावं, बसलेला सूर, म्हणजे आतली पितळी पाती, घासून उठवावा, पट्टीखालची गंजलेली स्प्रिंग बदलावी, आणि गावात कुठेही कीर्तन असलं की टाळ घेऊन जाऊन बसावं, एवढाच त्याचा संसार. शंभरदा ऐकलेल्या कथेलासुद्धा तो डोळे पुसायचा. विनोद यायच्या आधीच हसायचा, त्यामुळे बुवालोक त्याला पुढच्या रांगेत बसवायला जरा कचरत.

धंद्याचा एक नियम त्याला बापाने घालून दिला होता. गिऱ्हाइकाची पेटी म्हणजे ठेव. मालक दहा वर्षांनी आला तरी ती जशीच्या तशी त्याच्या हातात द्यायची. आणि रोज सकाळी दुकान उघडलं की फळीवरच्या प्रत्येक पेटीचा भाता एकदा हलवायचा, नाहीतर कातडं आखडतं. महिपत हे पूजेसारखं करी. आधी देवाला उदबत्ती, मग पेट्यांना वारा, मग चहा.

फळीवर सगळ्यांत वर, पांढऱ्या पंचात गुंडाळलेली, विसूबुवा हेदवकरांची पेटी होती. बुवा कीर्तनाला उभे राहिले की देवळाबाहेरचे चपला सांभाळणारेही आत यायचे. चार वर्षांपूर्वी भात्याला चीर गेली म्हणून त्यांनी स्वतः पेटी आणून दिली, आणि घाई करू नकोस म्हणाले, तुझ्या हाताला घाई झाली की सूर रुसतात. महिपतने महिन्याभरात भाता केला. निरोप पाठवला, तोवर बुवा आजारी पडले होते. मग गेलेच. पेटी न्यायला कुणी आलं नाही. पण सकाळचा वारा तिला चुकला नाही.

महिपतच्या भिंतीला भिंत लागून मजीद वस्ताचं घर. मजीदभाईची उमर जहाजांवर गेली, आता घरी बसून जाळी विणतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारतो. त्याची बायको जन्नतभाभी. गेल्या पावसाळ्यानंतर भाभींना लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं, डाव्या हाताचीही दोन बोटं तेवढी मनासारखी चालत. भाभींचा बोका होता नवाब, करड्या रंगाचा, एका कानाला खाच पडलेला. पूर्वी भाभी चुलीपुढे बसल्या बसल्या दोऱ्याला पीस बांधून त्याला नाचवायच्या. आता तो बिचारा दोरा तोंडात धरून आणायचा, त्यांच्या उशाशी टाकायचा आणि समोर शेपटी गुंडाळून वाट बघत बसायचा. भाभी तोंड भिंतीकडे फिरवायच्या.

महिपत एकदा पेज घेऊन गेला तेव्हा त्याने हे पाहिलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाट्याच्या किनाऱ्यावर त्याला सुचलं. वाळूतल्या बिळातून खेकडा हळूच बाहेर येतो, आणि सावली पडली रे पडली की सुर्रकन आत. तसंच एक खेळणं करायचं. लाकडी खोकं, त्याला भोक, भोकातून तारेवरचं पीस बाहेर येणार. भाभींनी बोटाने पट्टी दाबली की पीस बाहेर सरकेल आणि तिथेच अडेल. नवाबाने पंजा मारला की अडसर सुटेल आणि पीस आत पळेल. मग भाभींनी परत पट्टी दाबायची. म्हणजे खेळवणाऱ्या भाभीच, नुसत्या बघणाऱ्या नव्हेत.

मजीदभाईने ऐकून जाळ्यातून मान वर केली नाही. म्हणाला, आता तू बोक्याला पेटी शिकव, मी त्याला तबला शिकवतो, दोघे मिळून आरवलीपर्यंत कार्यक्रम करू.

पण काम सोपं नव्हतं. पहिल्या खोक्यात महिपतने शिंप्याच्या गुंडाळणाऱ्या टेपातली स्प्रिंग घातली. पीस असं खाटकन आत गेलं की नवाब कपाटावर चढला, तो मासेवाली हाक मारेपर्यंत उतरला नाही. दुसऱ्यात बाजारातली पेनाची स्प्रिंग घातली, ती इतकी ताठ की भाभींच्या बोटाला पट्टी दबेना. जोर लावून लावून त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि त्यांनी हात मागे घेतला. तिसऱ्यात दुकानातल्या भंगार पेट्यांच्या स्प्रिंगा घालून पाहिल्या, पण खाऱ्या हवेने त्यांना गंज चढलेला. निम्म्या वाटेत अडकायच्या.

हवी होती ती जुन्या हातची पितळी स्प्रिंग. बोट ठेवलं की दबावी, सोडलं की कुरकुर न करता परत यावी. तशी स्प्रिंग एकाच पेटीत होती, आणि ती पंचात गुंडाळून वर ठेवलेली होती.

एकच तर घ्यायची, महिपत मनाशी म्हणाला. दुसरी मिळाली की परत बसवू. त्याने एक काढली. ती चालली, पण पट्टी तिच्या मापाची हवी, म्हणून एक पट्टी काढली, काळी एक, जिच्यावर बुवा स्वर धरत आणि जिची कड त्यांच्या अंगठीने झिजली होती. मग नवाबाच्या पंजाने अडसर सुटावा म्हणून दुसरी पट्टी. मग आतला आवाज मऊ व्हावा म्हणून कातड्याच्या गाद्या. खोक्याचं हलकं लाकूड नवाबाच्या उड्यांनी उलटायला लागलं, तेव्हा पेटीचं सागवानच पाहिजे झालं. ठेवीतलं एक फूल उचललं की हार उसवायला वेळ लागत नाही. आठ दिवसांनी पंचात उरले ते नुसते सूर आणि भाता.

खेळणं मात्र असं उतरलं की काय सांगावं. भाभींनी दोन बोटं टेकली, पीस भोकातून हळूच डोकावलं. नवाबाने अंग चोरलं, मागचे पाय हलवले, झडप घातली. पीस आत. तो भोकाशी नाक लावून बसला. भाभींनी परत बोट टेकलं. तिसऱ्या खेपेला त्या हसल्या, अर्ध्याच तोंडाने, पण आवाज आला. मजीदभाई जाळं टाकून परसात निघून गेला आणि बराच वेळ तिथे माडाला पाणी घालत राहिला. परत आला तेव्हा पट्ट्या कुठल्या म्हणून त्याने विचारलं. भंगारातल्या, महिपत म्हणाला. हे पहिलं खोटं.

त्या दिवसापासून सकाळचा वारा घालताना महिपतचा हात वरच्या फळीपर्यंत जायचा आणि खाली यायचा.

माघात एका दुपारी दुकानाच्या पायरीवर बुवांची मुलगी उभी राहिली. ज्ञानेश्वरी. मंडणगडला शाळेत शिकवते. वरच्या आळीतल्या देवळात दोन दिवस रोज संध्याकाळी साडेपाचला कीर्तन ठरलं होतं, आणि बाबांच्या मागे ती पहिल्यांदाच स्वतः उभी राहणार होती. काका, बाबांची पेटी मागे वाजली तर मला धीर येईल, असं ती म्हणाली.

महिपतने खरं सांगायला तोंड उघडलं आणि शब्द निघाले ते भलतेच.

"बाय, पेटीला वाळवी लागली."

कोकणात वाळवी काय खात नाही? पोथ्या खाते, दारं खाते. कुणालाही पटावं असं खोटं होतं, म्हणूनच ते इतक्या पटकन आलं. ज्ञानेश्वरी पायरीवरच बसली. मग उलट तीच त्याची समजूत घालू लागली, की तुम्ही रडवेले होऊ नका, चार वर्षं कुणी विचारायला आलं नाही आणि तुम्ही सांभाळलीत, दोष आमचाच. उरलं असेल ते द्या म्हणाली. महिपतने सूर आणि भाता पंचात बांधून दिला. तिने ते गाठोडं कपाळाला लावलं. महिपतला वाटलं, या क्षणी अंगावर छप्पर पडलं तर बरं.

पहिल्या दिवशी देऊळ भरलं होतं. ज्ञानेश्वरीचा आवाज सुरुवातीला थरथरला, मग बापाच्या वळणावर गेला. पूर्वरंग झाला, मध्यंतराला देवस्थानच्या केरू मानकऱ्यांनी तिला हार घातला, बुक्का लावला. तेव्हा ती म्हणाली, हा हार माझा नाही. आणि तिने तिथेच पेटीची गोष्ट सांगितली. एका कारागिराने परक्याची ठेव चार वर्षं देवासारखी सांभाळली. लाकूड वाळवीने खाल्लं, पण सूर तसेच उरले. आपलं शरीर असंच जाणार आहे मंडळी, राहील ते नाम. असं सुंदर बोलली की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग तिने महिपतला पुढे बोलावलं, तो हार त्याच्या गळ्यात घातला आणि त्याच्या कपाळाला बुक्का लावला.

जन्मभर दुसऱ्यांच्या कथेला रडलेला माणूस, त्या दिवशी त्याच्याच कथेला सगळं देऊळ रडत होतं, आणि त्याला मात्र स्वतःच्या पायाच्या अंगठ्याखेरीज काही दिसत नव्हतं. उत्तररंगात काय झालं ते त्याला कळलंच नाही. टाळ मांडीवर पडून राहिले.

मजीदभाईही आला होता. त्याला कीर्तनातल्या गोष्टी आवडत, बाहेर कट्ट्यावर बसून ऐकायचा. घरी परतताना तो महिपतच्या बरोबरीने चालत राहिला. उतार लागल्यावर शांतपणे म्हणाला,

"महिपत, वाळवीने पट्ट्या माझ्या घरात कशा रे आणून ठेवल्या?"

महिपत उभाच राहिला. मजीदभाई पुढे म्हणाला, की जन्नतला हे कळलं तर ती त्या खेळण्याला परत बोट लावणार नाही, तू ओळखतोस तिला. आणि न सांगता मी तिच्यासमोर ते ठेवू कसं, तेही तूच सांग. एवढं बोलून तो घरात गेला. एरवी टोमणा मारल्याशिवाय त्याचं दार लागत नसे.

महिपतने तोंड धुतलं, पण कपाळावरचा बुक्का पुसायला हात होईना. तो आपला आहे असं वाटेना, आणि पुसला तर देवाचा अपमान. तसाच आडवा झाला.

सकाळी देवळाच्या ओवरीत ज्ञानेश्वरी चहा घेत होती. महिपतने पायरीखाली उभं राहूनच सगळं सांगितलं. स्प्रिंग, पट्टी, सागवान, आणि पेटी चांगली होती, वाजत होती, हेही. तिने कप खाली ठेवला. पेटीबद्दल ती काहीच बोलली नाही. तिचा चेहरा उतरला तो वेगळ्याच गोष्टीने.

"काका, नारदाच्या गादीवर उभं राहून मी खोटं बोलले. माझ्या पहिल्याच कीर्तनात."

महिपतने हात जोडले, पण जोडून करायचं काय ते त्याला कळेना. चोरी त्याने चोरीएवढीच धरली होती. आपलं खोटं दुसऱ्याच्या तोंडून, त्या जागेवरून, निघालं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्या गादीपुढे तो चाळीस वर्षं बसला, तीच त्याने विटाळली होती.

मला ते खेळणं दाखवा, ती म्हणाली.

दोघं मजीदभाईच्या घरी गेली तेव्हा भाभी उशीला टेकून बसल्या होत्या. नवाब भोकावर डोळे लावून होता. भाभींनी बोटं टेकली, पीस आलं, झडप, पीस आत. भाभी हसल्या आणि पाहुणीकडे बघू लागल्या, बघितलंस ना, अशा नजरेने. तेव्हा महिपतने खाली बसून भाभींनाही सांगितलं. हे लाकूड, या पट्ट्या, या पोरीच्या वडिलांच्या. मी न विचारता घेतल्या.

भाभींचा हात पट्टीवरून सावकाश उचलला गेला आणि गोधडीखाली गेला. नवाबाने वाट पाहिली. मग भोकावर पंजा मारून पाहिला. महिपतला वाटलं, देवळातल्या हारापेक्षा हा गोधडीखाली गेलेला हात जड आहे.

ज्ञानेश्वरी पलंगाजवळ गेली. तिने काळ्या पट्टीची झिजलेली कड अंगठ्याने चाचपली. मग गोधडी बाजूला करून भाभींची दोन बोटं हातात घेतली आणि त्या कडेवर ठेवली.

"बाबांनी मला सा धरायला इथंच शिकवलं. धरा, भाभी. मी देतेय."

भाभींनी मजीदभाईकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तेव्हा बोटं दबली.

बाहेर आल्यावर महिपत तिच्या पाया पडायला वाकला. वयाने मोठा माणूस, तिने त्याला वाकू दिलं नाही, पण हसलीही नाही. म्हणाली, पेटीचं मी बघितलं, ती आता भाभींची. वाळवी मात्र मी कीर्तनात घातलीय, आणि ती तुम्ही आणून दिलीत. आज मध्यंतरात ती तुम्हीच काढायची. माझ्याने नाही व्हायचं.

त्या संध्याकाळी मध्यंतराला ज्ञानेश्वरी गादीवरून बाजूला झाली. महिपत उभा राहिला. हार आणि टाळ त्याने जमिनीवर ठेवले, गादीवर पाय दिला नाही. मग वाकून टाळांची दोरी नीट करू लागला. पुढच्या रांगेतली तुळसाकाकू म्हणाली, बोल रे, घसा बसलाय का? तेव्हा तो म्हणाला,

"काल सांगितलेली वाळवी नव्हती. मीच होतो."

मग सगळं सांगितलं, तोडकंमोडकं. रडू आलं तेव्हा थांबला, कारण रडलो तर लोक कीव करतील आणि ते त्याला नको होतं. कुणी टाळी वाजवली नाही. केरू मानकऱ्यांनी काल ज्याला हार घातला गेला त्याच्याकडे न बघता तबलजीला खूण केली. ज्ञानेश्वरीने उत्तररंग लावला. मागे दुसऱ्या कुणाची तरी पेटी वाजत होती, आणि तिचा एक सूर किंचित उतरलेला होता. महिपतला तो ऐकू येत होता. एरवी त्याने हळूच पुढे जाऊन सांगितलं असतं. तो चपलांपाशी बसून राहिला.

रत्नागिरीची माणसं अशी गोष्ट वाया जाऊ देत नाहीत. चार दिवसांत त्याचं नाव पडलं. अजून कुणी पेटी घेऊन आलं की रस्त्यावरचा पानवाला सांगतो, ते काय समोर वाळवीचं दुकान, आणि वर जोडतो, मोजून दे हो, पट्ट्या मोजून दे. महिपत हाकेला ओ देतो. आणि गिऱ्हाइकासमोर पेटी उघडून पट्ट्या खरोखरच मोजून घेतो, मोठ्याने.

रोज सकाळी वारा घालताना वरची फळी रिकामी आहे हे माहीत असूनही त्याचा हात तिथवर जातो. तेवढ्यात भिंतीपलीकडून खट् असा मऊ आवाज येतो, मागोमाग नवाबाच्या उडीचा धप्प. महिपत हात तसाच वर धरून थांबतो. भाभी परत पट्टी दाबतात तेव्हाच तो खाली घेतो.