फोडाभोवतीचं मांस

"फोड हाय ना, तं फोड काढा. बाजूचं चांगलं मांस कायले कापता?"

हिंमतरावांनी हा प्रश्न मंगळवारपासून चौथ्यांदा विचारला, तेव्हा संजीवनीने चहाचा कप इतक्या जोरात खाली ठेवला की अर्धा चहा बशीत सांडला.

संजीवनी चिखलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची. हिंमतराव तिचे थोरले भाऊ, अमडापूरला वांगी-मिरची पिकवणारे आणि आठवडी बाजारात स्वतः बसून विकणारे. वीस वर्षं त्यांच्या गालात सुपारी होती. दोन वर्षांपासून तोंड उघडेनासं झालं, भाकरीचा घास बोटाने ढकलावा लागू लागला, तरी "गाल आखडला" एवढंच म्हणून त्यांनी सोडून दिलं. दिवाळीनंतर त्याच गालात आतून जखम झाली, ती भरेना. तुकडा तपासला तर कॅन्सर निघाला. सर्जन म्हणाले, गाठ काढू, भोवतीचं सेंटिमीटरभर मांसही काढू आणि मांडीचं मांस आणून गाल शिवू. सोमवारची तारीख ठरली, आणि हिंमतराव अडून बसले, म्हणून संजीवनी मंगळवारीच अमडापूरला येऊन राहिली होती.

"दादा, नीट आयक," संजीवनी म्हणाली. "आपल्या आंगात दोरे इणणाऱ्या पेशी असतात. सगळं मांस त्याच बांधून ठेवतात, जखमबी त्याच भरतात. तुह्या सुपारीनं त्यांले इतकं डिवचलं का त्या इणतच राह्यल्या, म्हणून गाल ताठ झाला. आता हा कॅन्सर त्यांले निरोप धाडते, अन् त्या त्याचंच काम करून राह्यल्या. त्याले खाऊ घालतात, पुढं सरकाले वाट करून देतात."

"निरोप? कोनाच्या हाती?"

"रसायनं सोडते रे तो!"

"मंग त्या रसायनाले औषध द्या."

संजीवनीचा पारा चढला तो यामुळे, की प्रश्न वेडगळ नव्हता. मोठमोठ्या प्रयोगशाळांमधली माणसं नेमकी याच्यावरच डोकं फोडत होती. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ती म्हणाली, "पक्कं औषध नाही सापडलं अजून. काही जणांनी उंदरांत त्या पेशीच कमी करून पाह्यल्या, तं कॅन्सर उलटा माजला. त्यातल्या काही पेशी त्याले अडवूनबी धरतात."

"पाह्य!" हिंमतराव बायकोकडे वळले. "म्हंजे चांगल्याबी हायेत त्याच्यात."

अन्नपूर्णाबाईंनी चहा सांडलेली बशी उचलली. तेवढ्यात शेजारचे किसनराव आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "चाकू लागला का पसरते, हिंमतराव. माह्या साडूचं तसंच झालं."

"तुमचे साडू किती महिने घरी बसले होते दवाखान्यात जायच्या आधी?" संजीवनीने विचारलं.

"झाले असतीन सात-आठ."

"मंग चाकूनं पसरलं का बसल्यानं?"

किसनराव चहा न घेताच गेले. हिंमतरावांनी "पाहुण्याशी असं बोलतेत का व?" म्हणून तिलाच झापलं.

शुक्रवारी तिने भावाला एसटीत बसवून चिखलीला आणलं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून तपासणीच्या काचपट्ट्या तिने मागवून घेतल्या होत्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने एक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावली. हिंमतरावांनी आधी भलताच डोळा मिटला, मग "धुकं दिसते" म्हणाले, मग नळी धरून हलवली. तिने दात-ओठ खात पुन्हा सगळं जुळवलं.

मग त्यांचा डोळा नळीवरून हलेना.

"हे जांभळे गठ्ठे?"

"कॅन्सर."

"अन् मधातले गुलाबी पट्टे?"

"तुह्याच पेशींनी इणलेले दोरे. त्या लांबुळक्या दिसतात ना, त्या पेशी."

"वाफे पाडून देल्ले त्याईनं," हिंमतराव हळूच म्हणाले. "कडंले काय हाय?"

तिने पट्टी सरकवली. गठ्ठ्यापासून दूर, गुलाबी दोऱ्यांच्या बेचक्यात तीन-चार जांभळ्या पेशी एकट्याच बसल्या होत्या.

"हे इथलोक कसे आले?"

"आता तूच सांग."

"डोयानं पाह्यलं असतं तं मी याले चांगलंच मांस म्हनलो असतो."

मी चार दिवस दुसरं काय सांगतेय, असं ओरडायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण हिंमतरावांनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली, तेव्हा त्यांचा चेहरा पाहून ती थांबली.

"संजू, गाल शिवल्यावर मले बोलता येईन का? बाजारात गिऱ्हाईक माह्या आवाजावर येते. मुकाट बसून वांगे कोन घेईन?"

"येईल बोलता. सुरुवातीला बोबडं, मग सुधारेल. पण आधीसारखं अगदी साफ नाही."

"हे आधी काऊन नाही सांगितलं?"

"तू विचारलं कुठं?"

"तू बोलू देल्लं कुठं? पेशी, पेशी, पेशी!"

तिने काचपट्टी काढून डबीत ठेवली. परतीच्या एसटीत दोघं एकमेकांवर चिडून खिडकीबाहेर बघत बसली. पण सोमवारी पहाटे हिंमतराव पिशवी भरून तिच्याआधी तयार होते.

ऑपरेशन सात तास चाललं. काढलेल्या मांसाच्या चारही कडा स्वच्छ निघाल्या. मानेतली एक गाठ मात्र बाधलेली होती, म्हणून सहा आठवडे रेडिएशनचे शेक घ्यावे लागले. त्या दिवसांत हिंमतरावांनी अन्नपूर्णाबाईंना पेज खारट झाली म्हणून, नर्सला हळू चालते म्हणून आणि संजीवनीला रोज येते म्हणून धारेवर धरलं.

आता दर रविवारी ती अमडापूरला जाते. तोंड पुन्हा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकीवर एक रचून दातांत धरायचा व्यायाम दिलाय. हिंमतराव चौदा काड्यांवर थांबतात आणि सोळा झाल्या म्हणून सांगतात.

"मी मोजल्या, दादा. चौदाच हायेत."

ते नाही म्हणून मान हलवतात. ती पंधरावी काडी घेऊन समोर उभी राहते. परवा ती काडी दातांत बसली. डोळ्यांत पाणी आलेल्या हिंमतरावांनी काड्यांच्या आडून बहिणीला काहीतरी सुनावलं. शब्द कळला नाही.

"काय म्हणाला?" तिने विचारलं.

अन्नपूर्णाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "ते मी नाही सांगत," म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.