मापाला बसलेल्या अकराजणी

हत्ती गेला आणि शेपूट अडकलं म्हणतात, ते धाकट्या सुनेच्या अंगणात त्या दिवशी सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. ओढ्यात उलटलेल्या एका नव्या पिकअपचं इंजिन गिअरबॉक्ससकट आणून तिनं आपल्या जुन्या पिकअपमध्ये बसवून घेतलं होतं. झाडाच्या फांदीला चेनपुली बांधून, दोन दिवस मातीत लोळून. आणि आता गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट चार बोटं लांब भरत होता. तो कापायचा होता.

थोरला दीर कुंपणाला टेकून मजा बघत होता. "म्हाताऱ्या बैलाला तरण्याचं काळीज बसवून तो नांगर ओढतो होय?"

"बैल माझा आहे भाऊजी. तुम्ही सावलीत बसा."

नवरा तिचा गुणी, पण गाडीत बसला की त्याला ओकाऱ्या. म्हणून तर स्टिअरिंग तिच्या हाती आलं, आणि थोरल्याला ते पहिल्या दिवसापासून सललं. त्यानं घरात सगळ्यांसमोर बजावलं होतं, उद्याच्या बाजाराला ही गाडी बाजारवाटेवरची खिंड चढली नाही तर गावातल्या बायकांची भाजी माझ्या टेम्पोत, आणि हिची किल्ली खुंटीला. त्याच्या टेम्पोत बायकांच्या जुड्या शेवटी चढायच्या. बाजारात पोचेपर्यंत पाल्यानं मान टाकलेली असायची.

मिस्त्री गाडीखाली टेप घेऊन शिरला. गाडीचं मागचं अंग जॅकवर, चाकं अधांतरी.

"थांबा मिस्त्री. चाकं लोंबकळत असताना माप घेताय?"

"वहिनी, केस पिकले माझे या कामात."

"पिकले असतील. पण भरलेली गाडी खिंडीतून मी नेते. माल चढला की मागच्या स्प्रिंगचे पाटे दबतात आणि सगळं अंतर बदलतं. या मापानं कापलात तर शाफ्ट अर्ध्या चढावर निखळून पडेल."

"मग भरू काय? भाजी तर अजून वाफ्यात आहे."

वाऱ्यानं उडालेली धूळ दातांत कचकचत होती. ज्यांची भाजी जायची त्या बायका कधीच्या भिंतीशी येऊन उभ्या होत्या. धाकटीनं जॅक उतरवला, मागची फळी पाडली आणि म्हणाली, "चढा गं सगळ्या."

"मला धरू नका, मी आजारात निम्मी झालेय."

"निम्मी झालीस तरी दोन पोत्यांना भारी आहेस, चढ."

अकराजणी दाटीवाटीनं बसल्या. पाटे कुरकुरले, गाडी मागून बसली.

"वरात कुणाची म्हणायची ही?" थोरला हसला.

"तुमच्या टेम्पोत सुकलेल्या भाजीची," आतून कुणीतरी म्हणालं.

मिस्त्री पुन्हा खाली गेला. बराच वेळ नुसता टेपचा सरसराट. बाहेर आला, खडूची नवी खूण बघत राहिला. "दीड बोटाचा फरक," एवढंच पुटपुटला आणि करवत उचलली.

कापून, जोडून, लेथवर तोलून शाफ्ट चढेपर्यंत उन्हं कलली. धाकटीनं किल्ली फिरवली. गाडी खोकली, काळा धूर ओकली, मग असा एकसुरी आवाज धरला की झाडावरचे कावळे उडाले.

"खिंडीला नेऊन बघते," ती म्हणाली.

"रिकामी?" म्हातारी माळीण फळीला लोंबकळली. "रिकामी कुणीही चढेल." तिच्यामागोमाग बाकीच्या दहाजणीही पुन्हा आत.

थोरला आता हसत नव्हता. वाटेत हात पसरून आडवा उभा राहिला. "खाली उतरवा त्यांना. काही झालं तर जबाबदार कोण? मी सांगतोय, गाडी इथून हलणार नाही."

धाकटीनं खिडकीतून मान बाहेर काढली. गाडी पहिल्या गिअरमध्ये पुढे सरकतच होती.

"बाजूला व्हा भाऊजी. इंजिन तेवढं नवं आहे, ब्रेक अजून जुनेच आहेत."